अडकलेली चावी

आई, आज तुझा मोठा दिवा पेटला! हाताला अजून रॉकेलचा वास येतोय, पण तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

झाईच्या चिकूवाडीतल्या बंगल्यात तू दिवे पुसायचीस, त्यातला तो पितळी. वात वर-खाली करायची त्याची चावी अडकली ती पुन्हा कधी फिरलीच नाही. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, दिवा माळ्यावर काळा पडून होता. आता २०१८ मध्ये बंगल्याला रंग काढायचा म्हणून शेठाणीने माळा उपसला आणि मला फोन केला, "तुझी आई करायची तसा साफ करून बघ. पेटला तर हॉलमध्ये ठेवते, नाय तर सोमवारी भंगारवाला नेईल."

मग सगळं तुझ्यासारखंच केलं. बर्नर सोड्याच्या पाण्यात उकळला, काच राखेने पुसली, वात आंबलेल्या ताडीत भिजवून उन्हात वाळवली आणि तिचे कोपरे गोल कापले. चावीत खोबरेल सोडलं आणि दोन दिवस तिकडे फिरकलेसुद्धा नाही. मी, आणि दोन दिवस थांबले, विश्वास बसतोय का तुझा? बंगल्याच्या स्वयंपाकघरात तू पाटावर बसली आहेस, समोर बारा दिवे मांडलेत, नऊ वर्षांची मी हात पुढे करते आणि तू चापटी मारतेस. "जोर नको करू, पोरी. सुटायची तेव्हा सुटंल."

आज सकाळी दोन बोटांनी धरली आणि फिरली की गं! खिडक्या लावून दिवा पेटवला. काजळीचा ठिपका नाही, ज्योत एकसारखी. मी ओरडलेच. ऐंशीच्या पुढची शेठाणी काठी सोडून टाळ्या पिटायला लागली, "जो, जो, बघ, पेटला! तुझ्या आईने बिघडवला, तू सुधारला!"

"माझ्या हाताला अंदाज राहिला नाही, बाई," म्हणत तू तेव्हा तिची माफी मागितलीस आणि त्या दिव्याला पुन्हा हात लावला नाहीस. चावी अडकली त्या दिवशी तू विहिरीवर गेली होतीस, आई. मी पक्कड लावून ती चावी पिळली होती.

खरं तर हा कागद शेठाणीलाच द्यायला हवा. घडी करून पर्समध्ये ठेवतेय. "तुझ्या आईने बिघडवला" असं ती म्हणाली तेव्हा मी हसून मान डोलावली.