चोवीस तास खुले

करी रोड,
रविवार सकाळ

प्रिय बाबा,

पत्र बघून घाबरू नका. इथे सगळं ठीक आहे. काल दोन व्हीलचेअरची चाकं बदलून आणली, शीव कोळीवाड्याला भाड्याने गेलेला पलंगही परत आला. फोन करून सांगता आलं असतं, पण तुमचं ऑपरेशन होऊन आता कुठे सहा महिने होताहेत आणि फोनवर माझा आवाज मला साथ देईल याची खात्री नाही. निवांत बसून वाचा. आईलाही वाचू द्या.

दुकान गूगलवर टाकलं तेव्हा तुम्ही किती हसला होतात, आठवतं? वीस वर्षं माणसं हॉस्पिटलच्या गेटवर विचारत विचारत यायची. आता मोबाईल विचारत येणार, म्हणालात. पहिल्यांदा नकाशावरची खूण चुकून मागच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर पडली होती आणि आठवडाभर लोक तिथे वॉकर मागत होते. मग मी ती नीट केली, फोटो घातले, तुमचा नंबर काढून माझा टाकला. भायखळ्याहून पहिलं गिऱ्हाईक मोबाईल बघून आलं, त्या दिवशी तुम्ही त्याला चहा पाजलात. फेब्रुवारीत गावी जाताना किल्ल्या माझ्या हातात ठेवून तुम्ही एवढंच म्हणालात, “रुपा, आजारी माणसाच्या घरच्यांक थांबवून ठेवू नको गो.” तुम्ही मालवणीत बोललात की मला कळतं, हे मनापासूनचं आहे.

तुम्ही गेल्यावर महिनाभरात समोरच्या रस्त्याला एक मोठं दुकान उघडलं. मोबाईलवर त्यांच्या नावाखाली हिरव्या अक्षरांत ‘चोवीस तास खुले’. आठ वाजले की आपल्या नावाखाली लाल अक्षरांत ‘बंद’ यायचं. फोन कमी झाले. एका संध्याकाळी शटर ओढता ओढता मी मोबाईलवर आपली वेळ बदलली. मीही चोवीस तासच लिहिलं. त्यात खोटं काही नाही, असं मी स्वतःला समजावलं. फोन माझ्यापाशी असतो, घर दहा मिनिटांवर आहे, कुणी बोलावलं तर जाईन की. रविवारची सुट्टी मात्र मी मोडली नाही. ती फक्त मोबाईलवरून पुसली.

फोन पुन्हा वाढले. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही खूश झालात. कशामुळे वाढले ते मी सांगितलं नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी हितेंद्रदादाच्या मुलीचं दादरला लग्न होतं. तुम्हाला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून आपल्या घरातून मीच गेले. हॉलमध्ये सनई, माणसं, पंगती. फोन पर्समध्ये, आवाज बंद. चार वाजता पर्स उघडली तर एकाच नंबरवरून सात फोन येऊन गेलेले. मी उलटा फोन लावला, कुणी उचलला नाही. मिळालं असेल त्यांना दुसरीकडे, म्हटलं, आणि आइस्क्रीम घ्यायला गेले. बाबा, हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पाच दिवसांनी आपल्या गूगलच्या पानावर पाचपैकी एकच तारा आला. खाली लिहिलं होतं, ‘दुकान बंद होते. फोन उचलला नाही.’ नाव होतं कमल. एवढ्या चांगल्या शेऱ्यांमध्ये तो एक तारा मला टोचला. ही त्या सात फोनवालीच, हे मला कळलं होतं. कळूनही मी उत्तर लिहिलं, ‘आमचे दुकान चोवीस तास सुरू असते. आपण चुकून दुसऱ्या दुकानात गेला असाल.’ असं उत्तर दिलं की त्याच्यावर ‘मालकाचे उत्तर’ असं आपोआप येतं. मालक म्हणजे तुम्ही. पानावर नावही तुमचंच आहे.

मे महिन्यात एक बाई वॉकर परत द्यायला आल्या. साठीच्या पुढच्या, पायात स्लिपर, हातात कापडी पिशवी. वॉकर त्यांनी भिंतीला टेकवला आणि विचारलं, “लवूभाऊ आहेत?” मी म्हटलं, नाहीत, मी त्यांची मुलगी. त्या म्हणाल्या, “मग त्यांना विचारून सांग, आम्हाला असं उत्तर का दिलं म्हणून.” त्यांनी मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. माझंच वाक्य होतं.

तुम्ही त्यांना ओळखता. भायखळ्याचे जगदीशकाका, गिरणीत सूतखात्यात होते, छातीत कापूस भरलाय म्हणून स्वतःच हसायचे, त्यांच्या कमलकाकू. त्या रविवारी दुपारी घरचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. जुन्या सिलिंडरमध्ये थोडाच उरला होता. काका हॉस्पिटलला जायला तयार नव्हते. शेजारच्या मुलीने मोबाईलवर बघून सांगितलं, लवूभाऊंचं दुकान उघडं आहे. काकू टॅक्सी करून आल्या. बंद शटरसमोर अर्धा तास उभ्या राहिल्या. “लवूभाऊ जेवायला गेले असतील, येतील, असं वाटलं मला,” त्या म्हणाल्या. “समोर दुसरं दुकान होतं. पण त्यांची सवय होती ना आम्हाला.” शेवटी समोरून सिलिंडर घेऊन घरी पोचल्या तेव्हा काकांचे ओठ काळे पडले होते. मग हॉस्पिटलमध्ये नेलं. तिसऱ्या दिवशी गेले. त्या अर्ध्या तासाने काही फरक पडला असता का, हे डॉक्टरांनीही सांगितलं नाही, असं काकू म्हणाल्या. त्यांनी विचारलं होतं.

मी म्हटलं, काकू, ते उत्तर मी लिहिलंय. वेळही मीच बदलली होती. बाबा फेब्रुवारीपासून गावी आहेत, त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

त्या स्टुलावर बसल्या. बाहेर कुणीतरी कमोडची खुर्ची विचारून गेलं, मी जागची हलले नाही. मग त्या म्हणाल्या, “महिनाभर मी घरात त्यांच्या नावाने बोटं मोडतेय. म्हटलं, इतक्या वर्षांचा माणूस असा कसा बदलला.” मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मला माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांना काहीतरी बोलावं लागलं असतं. जाताना एवढंच म्हणाल्या, “ते तेवढं पुस.”

त्याच दिवशी मी ते उत्तर पुसलं आणि नवीन लिहिलं. दुकान खरंच बंद होतं, वेळ चुकीची टाकली होती, चूक माझी आहे, आणि खाली माझं नाव. वेळ आता सोमवार ते शनिवार, नऊ ते आठ, रविवार बंद. त्याखाली लिहिलंय की श्वास लागत असेल तर दुकान शोधू नका, आधी हॉस्पिटल गाठा. तो एक तारा अजून आहे. असू दे. मागच्या महिन्यात तुम्ही विचारलंत, “गिऱ्हाईक कमी झाला काय गो?” आणि मी म्हटलं, पावसामुळे. पावसाचा काही संबंध नव्हता.

काल पेंटर संघर्ष दुकानात आला होता. तुम्ही फोन करून त्याला दसऱ्यासाठी नवीन पाटी सांगितलीत म्हणे, आपल्या नावाखाली मोठ्या अक्षरांत ‘चोवीस तास सेवा’. गावात कुणीतरी मोबाईलवर आपलं ‘चोवीस तास’वालं जुनं पान दाखवलं होतं, तेव्हापासून मुलीने दुकान कुठल्या कुठे नेलं असं तुम्ही सगळ्यांना सांगता, हेही त्याने मला कौतुकाने ऐकवलं. मी त्याला थांबायला सांगितलंय. पाटीवर काय लिहायचं आणि गल्ल्यावर कोणी बसायचं, हे सगळं वाचून झाल्यावर तुम्ही ठरवा; तुम्ही म्हणाल ते मला मान्य आहे. फक्त त्याआधी एक करा. कमलकाकूंना फोन करा. नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. तुम्ही गावी होतात हे त्यांनी माझ्या तोंडून ऐकलंय, पण जगदीशकाका गेल्याचं तुम्हाला कळलं आणि तुम्हाला वाईट वाटलं, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं असेल. दुपारी चारनंतर त्या एकट्या असतात.

तुमचीच,
रुपाली