महापौराचं गाळलेलं पान

अब्बा, तुमची वही अजून माझ्याकडे आहे. आखाती युद्धाची चाहूल लागली तसा कंपनीतला अमेरिकन साहेब घाईघाईनं मायदेशी गेला, आणि त्यानं मागं टाकलेलं एक पुस्तक तुम्ही घरी आणलंत: इंग्रजांच्या अमलातल्या अमेरिकेतल्या एका महापौराचं चरित्र. रियाधमधल्या, अल मलाझच्या आपल्या स्वयंपाकघरात, अम्मी भाकऱ्या थापत असताना, तुम्ही ते मराठीत उतरवायचात. साधा पिठाचा व्यापारी, महापौर झाला; विहिरी खणल्या, रस्त्यांवर दिवे लावले, आगीसाठी दारोदार बादल्या ठेवायला लावल्या. "माणूस असावा तर असा," तुम्ही म्हणायचात. कामगारांच्या कॅम्पचे तुम्ही मॅनेजर. तो तुम्हाला आपल्या भाऊबंदांतलाच वाटत असावा.

शेवटी त्याचं मृत्युपत्र होतं. त्यात मालमत्तेच्या यादीत चांदीच्या चमच्यांच्या खाली त्याच्या गुलामांची नावं. ते पान तुम्ही गाळलंत. मी विचारलं तर म्हणालात, "पंधरा वर्षांच्या पोरीनं बापाला अक्कल शिकवू नये." मला भयंकर राग आला. कारण आपल्या लोखंडी कपाटात कॅम्पमधल्या सगळ्यांचे पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे अरब मालकाच्या, हुकमानं कुलूपबंद होते.

क्षेपणास्त्रं पडू लागल्यावर कॅम्पचे स्वयंपाकी, आपल्या दापोलीकडचे चाचा, दारात येऊन उभे राहतात. "साहेब, माझा पासपोर्ट द्या. यान्बूला भावाकडे जातो, तिथून घरी जायचं बघतो. घरची माणसां घाबरलीत." तुम्ही वहीतून मान वर करत नाही. "कफील नाही म्हणतो. खलास." मग मात्र उठून त्यांना विषारी वायूपासून बचावासाठी प्लास्टिक आणि चिकटपट्टी देता, खिडक्या कशा बंद करायच्या ते नीट समजावता. त्या आठवड्यात रियाधला हाडं गोठवणारी थंडी होती. चाचांनी खोलीची एकेक फट बुजवली आणि आत कोळशाची शेगडी पेटवली. दुपारी दार फोडलं तेव्हा ते शेगडीशेजारीच गेलेले होते. त्यांचा पासपोर्ट कपाटातून निघाला तो मय्यतीच्या कागदांसाठी.

तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी तुम्हाला माफ केलं नाही, हे अम्मीला ठाऊक आहे. हे पत्र धाडायचं तरी कुठं? पण एक गोष्ट मी तिलाही सांगितलेली नाही. चाचा गेले त्याच्या आदल्या दिवशी, तुम्ही कामावर असताना, ते पुन्हा आले होते. "बाय, कपाटाची किल्ली कुठं असते गो?" किल्ली साखरेच्या डब्यामागे होती. मी म्हणाले, "मला ठाऊक नाही, चाचा."