उजळलेली पोर

ता. ४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पिटुकलीचा हिवताप उतरून आज तेरा दिवस झाले. गोळ्या पूर्ण घेतल्या. तुझी भाची म्हणजे वस्ताद! मी मास्तरीण असून माझ्याच पिशवीत खडू टिकत नाही, चोरून खाते. दोन घरं चालली की कडेवर घे म्हणते. तापाने लाडावून ठेवलीय. पण काय उजळलीय म्हणून सांगू! सासूबाई तर येईल त्याला नात दाखवतात.

काल तिला लाल झबलं घातलं आणि आपली धाकटी बहीण आठवली. तीही तापानंतर अशीच गोरी झाली होती, नाही? तू तिला खांद्यावर घेऊन गल्लीभर मिरवायचास आणि मी तिचा निसटलेला बूट घेऊन मागे धावायचे. किती सुखाचे दिवस होते रे!

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी चिमणी


ता. ६ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. आमच्या औषधांच्या गाडीचा ड्रायव्हर तुझ्या दारात थांबलाय. पोरीला उचल आणि त्याच गाडीतून मोठ्या दवाखान्यात जा. कोणाला विचारत बसू नकोस.

पिटुकली उजळलेली नाही. तिच्या अंगातलं रक्त संपत आलंय. हिवतापाचे जंतू रक्तातल्या लाल पेशी फोडतात. ताप गेला म्हणून फुटलेलं रक्त लगेच भरून येत नाही. तिची पापणी खाली ओढून बघ. तिचा तळवा तुझ्या तळव्याशेजारी धर. खडू खाणं, चालता चालता बसणं, हे लाड नव्हेत गं! पांढरीफटक पडलेल्या लेकराला आपण गोरं म्हणून मिरवतो. हे गोरेपणाचं वेड आणखी किती लेकरं गिळणार? आणि आमच्या प्रयोगशाळेत जंतू मोजतात, रक्त कोणी मोजत नाही. साहेबांशी भांडून माझा घसा बसला.

तू सहा वर्षांची होतीस, मी अकराचा. धाकटी माझ्या खांद्यावर धापा टाकायची. मला वाटायचं, हसतेय. ताप उतरल्यावर सोळाव्या दिवशी ती गेली. का गेली, ते मला या नोकरीत कळलं. आईला सांगितलं नाही. तुलाही आजच सांगतोय.

उद्या पिटुकलीचा सोळावा दिवस.

आशीर्वाद पुष्कळ आहेत, पण आधी पाय उचल.
दादा


ता. २९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली आणि लगेच रक्ताची सोय करायला धावल्या. हिमोग्लोबिन चार निघालं. रक्त जुळलं ते सासूबाईंचं! सुई पाहून किंचाळणाऱ्या बाई. डोळे घट्ट मिटून म्हणाल्या, हवं तेवढं काढा, पण पोर द्या. दुसऱ्या दिवशी तिच्या ओठांना रंग आला. आता तीन महिने लोहाचं औषध. ती ते कुंडीत ओतते, म्हणून चमचा मीच धरते.

दादा, तू अकरा वर्षांचा होतास रे. धाकटी रडायला लागली की तुझ्याच खांद्याकडे झेपावायची, एवढंच मला आठवतं.

आज खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका तणतणत वर आले. म्हणाले, तुमची पोर सकाळपासून धाडधाड उड्या मारतेय, छताची माती माझ्या मशिनवर पडतेय, शिवू कसं? मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

घसा जप, लोभ राहू दे.
तुझी चिमणी