रविवारचा फोन

१४ जून, मिएनयांग

साडेसहा. इंग्रजीच्या परीक्षेत, बोलण्यात साडेसहा! तिसऱ्या खेपेला.

बाबांना फोन लावला तेव्हा ते बसखाली होते – डेपोत, गाडीखाली, पाठीवर आडवे. "किती?" "साडेसहा." "पुरतात का तेवढे?" "पुरतात." मग बराच वेळ नुसता पान्यांचा आवाज. शेवटी म्हणाले, "मग जायचं तर."

आई रुग्णालयाच्या औषधखिडकीवर होती. तिने निरोप वाचला आणि रांगेतल्या आजोबांना म्हणे सांगून टाकलं, माझी मुलगी थांगथांग इंग्लंडला चालली. आजोबा म्हणाले, अभिनंदन, पण माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या?

२ ऑगस्ट

आई स्वयंपाक शिकवतेय. पाच आठवड्यांत बावीस वर्षांचं राहिलेलं. "कढई तापू दे. तापू दे म्हटलं ना, थांगथांग." दोन अंडी जमिनीवर. बाबा दारातून: "हिला अंडं फोडता येईना, आणि शिकणार काय, तर शहरं कशी रचायची!"

आई म्हणाली, शहरं रचायला अंडी लागत नाहीत. दोघं हसले नाहीत. मीच हसले.

६ सप्टेंबर

बॅग तेवीस किलोच्या वर नको. आई वालाच्या तिखट चटणीच्या बरण्या आणि तिरफळाच्या पिशव्या आत घालते, बाबा काट्यावर ठेवतात, एक बरणी काढतात. ती पुन्हा घालते. ते पुन्हा काढतात. तासभर चाललं, एक शब्द न बोलता. शेवटी बाबांनी माझे जाड बूट काढले आणि म्हणाले, हे पायात घालून जा.

असेच आहेत आमच्या घरातले दोघं. भांडण मी कधी ऐकलेलं नाही.

७ सप्टेंबर

विमानतळ. बाबा: "पोचलीस की कळव." आईने माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, मग थोडी खाली केली.

२४ सप्टेंबर, लीड्स

खोली लहान, खिडकी मोठी. पलीकडच्या खोलीत पेइशान – तीही चीनचीच, पण समुद्राकाठच्या छ्वानचौची, एका मिनिटात मैत्रीण झाली. माझी चटणी चाखून म्हणाली, "तुम्ही सिचुआनवाले जेवता की जीभ जाळून घेता?" आणि अर्धी बरणी संपवली.

फोनचा नियम ठरला. दर रविवारी, इथले दुपारचे बारा. आई-बाबा दोघं सोफ्यावर शेजारी-शेजारी बसतात, पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखे. आई विचारते, काय खाल्लंस. बाबा विचारतात, थंडी किती. झालं की दोघं हात हलवतात.

११ ऑक्टोबर

चर्चेचा तास. अकरा जण गोल बसतात आणि बोलतात. न थांबता! समोरच्या मुलाने धडा वाचलेलाच नाही, हे मला दिसत होतं, पण बोलला सर्वांत जास्त. मी तिन्ही धडे दोनदा वाचून गेले होते. मनात वाक्य जुळवलं, क्रियापद तपासलं, तोंड उघडलं – तर विषय पुढे गेलेला.

सलग तिसरा आठवडा. एक शब्द नाही.

१८ ऑक्टोबर

बाईंनी थांबवून घेतलं. कीन बाई, आयर्लंडच्या. म्हणतात, मला ऑरला म्हणा. शिक्षिकेला नावाने कशी हाक मारायची? मी हाकच मारत नाही, समोर जाऊन उभी राहते.

वाटलं, आता रागावणार. त्या म्हणाल्या, "तुमचा निबंध नीटनेटका आहे. पण त्यात सगळे आहेत आणि तुम्ही नाही. तुमच्या गावाबद्दल असं काही सांगा, जे या पुस्तकांतल्या कुणालाच माहीत नाही." पंधरा नोव्हेंबरला दहा मिनिटं माझी. सगळ्यांसमोर.

पेइशानला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या गावाबद्दल तुला काय माहितीये? क्लास आणि घर, घर आणि क्लास." खरं आहे. मेलीने बरोबर ओळखलं.

८ नोव्हेंबर

मला काय माहीत नाही ते बाबांना माहीत आहे – हे आज सुचलं. सत्तावीस वर्षं मिएनयांगच्या बस दुरुस्त करतात. कुठल्या थांब्यावर म्हाताऱ्यांना चढता येत नाही, कुठे ड्रायव्हर स्वतःहून गाडी फुटपाथला चिकटवतात, सगळं त्यांच्या डोक्यात. रविवारची वाट कशाला बघायची? सकाळी दहाला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे सहा.

बाबांनी उचलला. मागे एक खिडकी. आमच्या घरात तशी खिडकी नाही. दोरीवर त्यांचा राखाडी स्वेटर वाळत होता.

"कुठे आहात?"

"डेपोत."

"डेपोत स्वेटर कुणी धुतला?"

बाबांना खोटं बोलता येत नाही. फोन त्यांनी टेबलावर पालथा ठेवला असावा, मला अंधार दिसत होता. अंधारातून त्यांचा आवाज आला.

तू गेलीस त्याच्या पुढच्या आठवड्यात घटस्फोटाचा अर्ज दिला. महिनाभराने कागद हातात आले. नाही, तिसरं कुणी नाही. तसलं काही नाही. तू शाळेत होतीस तेव्हाच ठरलं होतं, मग तुझी मोठी परीक्षा आली. मग कॉलेज. मग ही इंग्रजीची, तीनदा. "म्हटलं, पोरगी मार्गी लागू दे."

"पण तुम्ही कधी भांडला नाहीत."

"भांडायला बोलावं लागतं, थांगथांग."

मग म्हणाले, आईला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून. तुझं वर्ष पुरं झाल्यावर सांगू असं आमचं ठरलंय. आणि मग – मला रडूच आलं – विचारलं, "बसचं काय विचारत होतीस?"

चाळीस मिनिटं बसबद्दल बोलले. मी सगळं लिहून घेतलं. अक्षर लागत नाही.

९ नोव्हेंबर

तासाला गेले नाही. पेइशानने भाताची पेज करून दाराशी ठेवली, वाटीवर ताटली झाकून. काही विचारलं नाही. तिला गप्प बसताना पहिल्यांदा पाहिलं.

तीनदा! तिसऱ्यांदाही नापास झाले असते तर अजून एकत्र असते का ते? की तीनदा दिली म्हणून उगीच वर्षभर जास्त अडकले? कुठूनही धरलं तरी दोष माझाच वाटतो.

१२ नोव्हेंबर

रविवार. बारा. दोघं सोफ्यावर.

काय खाल्लंस. थंडी किती. मी उत्तरं दिली. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना आता त्यांच्या नव्या खोलीवरून दोन बस बदलून यावं लागतं, हे मला आता माहीत आहे. अंगावर कोट तसाच होता.

राग आला होता, तो बोलताना कुठे गेला कळलं नाही.

१५ नोव्हेंबर

बोलले! दहा मिनिटांची अठरा झाली.

सातव्या मार्गावरच्या भाजीवाल्या आजींबद्दल सांगितलं – त्यांची टोपली पायरीवर अडकते, म्हणून तिथे बस मुद्दाम थोडी तिरकी उभी करतात. नियमात कुठेही लिहिलेलं नाही. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" कीन बाईंनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. ते बसखाली झोपून शहर बघतात. सगळे हसले, पण चांगलं हसले. कधीही न वाचणाऱ्या त्या मुलाने तीन प्रश्न विचारले.

बाहेर आल्यावर तोंडातून निघून गेलं: "थँक यू, ऑरला." कान तापले.

१९ नोव्हेंबर

आज सांगून टाकलं. अख्खा आठवडा मनात वाक्य जुळवत होते, चिनीत! म्हटलं, मला माहीत आहे. मी रागावलेली नाही. बाबा, एवढ्या लांबून येऊ नका थंडीचं. मी दोघांना वेगवेगळा फोन करत जाईन.

आई बाबांकडे वळली. "तुम्ही सांगितलंत?" "स्वेटरने सांगितलं," बाबा म्हणाले.

आई हसली. खरंच हसली. मग फोन बंद केला.

२२ नोव्हेंबर

आईचा फोन, एकटीचा. दुपारच्या सुटीत, औषधखिडकीमागून. तिची दुपार, माझी पहाट. आधी हवापाणी, मग माझं जेवण, मग खोकली.

"ते वेगवेगळ्या फोनचं म्हणालीस ना. तसं नको करूस."

"का गं? त्यांना दोन बस बदलाव्या लागतात."

"लागू देत. तुझा फोन झाला की ते जेवून जातात. आधी नुसते जेवायचे. आता भांडी घासताना बोलतात. परवा डेपोतलं कुणाचं तरी लग्न कसं झालं ते सांगत होते, मीठ किती घातलं तेच मी विसरले." मग घाईने, "खिडकीवर माणूस आलंय. ठेवते."

२६ नोव्हेंबर

रविवार. बारा वाजता फोन लावला. कुणी उचलला नाही. सव्वाबाराला, साडेबाराला.

एकला आईचा निरोप: "आम्ही दोघं नदीकाठी फिरायला आलोय. बोलता बोलता वेळ कळलीच नाही. तुझं उद्या बघू."