तुझ्या भावोजींचे सहा गिअर

गुळेदगुड्ड, बुधवार

चि. विरुपाक्ष यास थोरल्या अक्काचे पोटभर आशीर्वाद. इथे सगळे खाऊनपिऊन आहोत. तुझं पोट, तुझ्या बायकोची पाठ आणि तुमची म्हैस, या तिघांपैकी कोण बरं आहे ते नीट कळव. मागच्या पत्रात तू एकाच ओळीत तिघांची दुखणी लिहिलीस आणि औषध कुणाला लागू पडलं ते मला कळलंच नाही. मी सांगते आहे, सून गंगव्वा लिहिते आहे. अक्षर सरळ दिसेल ते तिचं, बोलणं वाकडं असेल ते माझं.

तर तुझ्या भावोजींनी सायकलला गिअर बसवले. हसू नकोस, आधी कारण ऐक. आमच्या ईरण्णाने बापाला स्पष्ट सांगितलं, अप्पा, तुमचे गुडघे गेले, यापुढे खण विणकर सोसायटीत मी मोटारसायकलवरून पोचवतो, ती सायकल भंगारात घालू. पोरगा काळजीनेच बोलला. पण स्वतः विणलेले खण स्वतः नेऊन, तिथल्या कारकुनापुढे उलगडून, 'काठ बघ, काठ!' असं दोनदा म्हटल्याशिवाय तुझ्या भावोजींना पुढचा ताणा मागावर चढवावासाच वाटत नाही. ते नेणं थांबलं की माग थांबला. आणि माग थांबला की हा माणूस दिवसभर माझ्या चुलीपाशी बसून भाकरी कशी थापावी ते मला शिकवणार. शेवटी बापलेकांचं ठरलं : सोमवारी सोसायटीचा चढ पाय न टेकता चढले तर सायकल राहील, टेकला तर भंगार.

मग हुसेनसाब मिस्त्रीकडे खलबतं सुरू झाली. (दोघांचं वय मिळून दीडशे, दात मिळून अकरा.) कुणाच्या तरी मोडक्या गिअरच्या सायकलचं मागचं चाक आणलं, त्याला उतरंडीसारखी लहानमोठी सहा दातेरी चक्रं, आणि साखळी एकावरून दुसऱ्यावर न्यायला हँडलवर खटका. ते आमच्या सायकलमध्ये मावेना, म्हणून दोघांनी मागचे दांडे धरून दोन बाजूंना असे ताणले की मला वाटलं सायकल रडेल. साखळीवरचं झाकण काही परत बसलं नाही, आणि पहिल्याच फेरीत साखळीने धोतराचा सोगा गिळला. भर रस्त्यात दावणीच्या बैलासारखे उभे! मी कात्री घेऊन धावले, तर ओरडतात, "अगं कापू नको, नवं आहे!" म्हटलं, "मग फेडून द्या, सायकललाच नेसू दे."

खरी गंमत पुढेच आहे. भावोजींनी ठरवलं की लहान चक्र म्हणजे हलकं, तेव्हा चढाला लहान. हे मांडीवर थाप मारून सांगायचे, आणि सराव करताना त्याच चढावर तीनदा खाली उतरले. मी रहाटावर सुताच्या कांड्या भरता भरता म्हटलं, "अहो, पोरींना रहाट शिकवताना आपण चातीच्या सळईवर चिंध्या गुंडाळून ती जाड का करतो? मागचं फिरणारं जाड असलं की हाताला हलकं लागतं. चढाला मोठं चक्र घ्या." तर म्हणतात, "नागव्वा, हे यंत्र आहे, रहाट नव्हे." मी गप्प बसले. (गंगव्वा हसते आहे. लिही गं, मी खरंच बसले.)

सोमवारी निघाले. मागून ईरण्णा पायी, आणि पायी असून त्याला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. पाण्याच्या घागरी घेतलेल्या बायका पुढे निघून गेल्या. त्यातल्या एकीने माझी तब्येत विचारली आणि ह्यांनी चढता चढता सविस्तर सांगितली, माझ्या गॅससकट. पण पाय टेकला नाही! वर पोचले, खण उलगडले, काठ दाखवला. ईरण्णा घरी येऊन एवढंच म्हणाला, "राहू दे सायकल." आणि हे मला म्हणतात, "बघितलंस? लहान चक्र!" मी मान डोलावली. रात्री एक भाकरी जास्त वाढली.

तुझी अक्का
नागव्वा (अंगठा)

ता. क. : हे तू एकट्यानेच वाच. सोमवारी सकाळी हे आंघोळीला गेले तेव्हा मी आणि गंगव्वाने साखळी मोठ्या चक्रावर चढवली आणि सीटखालून जाणारी गिअरची तार रेशमाच्या ताण्याने दांडीला आवळून टाकली. गाठ आपली विणकरांची, सुटायची नाही. आता हे हँडलवरचा खटका कटाकटा ओढतात, आणि साखळी जागची हलत नाही. सपाटीला पाय माझ्या रहाटासारखे भरभर फिरतात आणि सायकल बैलगाडीच्या मागे राहते. त्यांना वाटतं हाच गिअरचा गुण.

ता. क. दुसरा : काम असं की तुझ्या दुकानाशेजारच्या सायकलवाल्याकडून चांगलं मोठं असं एकच दातेरी चक्र घेऊन ये. हुसेनसाबला मी पटवलं आहे. ती गाठ ह्यांच्या नजरेला पडायच्या आत सहाही काढून ते एकच बसवू, खटका तेवढा कटकट करायला राहू दे. आणि आलास की भावोजींना गिअरबद्दल विचार. दोन तास सांगतील. तू ऐक, मी तेवढ्यात माहेरच्या माणसासाठी निवांत भाकऱ्या थापते.