थेट विमान

प्रिय धाकट्या,

तुझ्या शहराला आपल्याकडून थेट विमान सुरू झालं, हे तुला कळलं असेलच. आमच्या तिकीट कार्यालयात सध्या तेवढाच विषय. अंतर अडीच हजार किलोमीटर, वेळ जेमतेम चार तास. गिऱ्हाइकं विचारतात, एवढ्याशा अंतराला आजवर अख्खा दिवस का लागायचा? मी समजावते की विमान सरळ जायचं, माणूस जायचा नाही. तो भलत्याच गावी उतरून, खुर्चीत मान अवघडवून मग पुढचं विमान धरायचा. साहेब म्हणतात, बाई, तिकिटं विका, प्रवचन नको.

घरचं सांगते. आईचे गुडघे कुरकुरतात आणि आई त्याहून जास्त. बाबा बरे आहेत. म्हणजे डावा हात अजून उचलत नाही, पण चिडचिड पूर्ववत झाली, म्हणून डॉक्टर खूश आहेत. संध्याकाळी ते इमारतीच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचे. तुझा विषय निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं: काय करणार, लांब पडतं त्याला, दोन विमानं, मध्ये रात्रभर ताटकळणं, नोकरीत एवढी सुटी कोण देतो? मुळात हे तूच फोनवर सांगितलेलं, पण तुझ्यापेक्षा बाबाच ते छान सांगतात. पक्षाघात झाला तेव्हा इस्पितळात शेजारच्या पेशंटलाही त्यांनी बोबड्या जिभेने हेच पटवून दिलं होतं.

म्हणून आईने थेट विमानाची बातमी त्यांच्यापासून लपवली. जाहिरातीचं पान कपाटाच्या फळीवर अंथरलं आणि मला दटावलं की घरात विमानाचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, अगं, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? तर म्हणे, तू तुझी तिकिटं सांभाळ. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

बाबांना कळलं ते न्हाव्याकडून. दाढी करता करता तो सहज म्हणाला, आता काय, पोरगा सकाळी निघाला तर दुपारी जेवायला घरी. बाबांनी अर्ध्या दाढीवरच त्याला थांबवलं आणि मला कार्यालयात फोन लावला. कोणालाही सांगते तसं मी त्यांना अंतर आणि वेळ सांगितली. त्या दिवसापासून ते फाटकापाशी बसायला गेलेले नाहीत. आई शेजाऱ्यांना सांगते की त्यांना ऊन सोसत नाही. संध्याकाळी कसलं ऊन!

काल जेवताना त्यांनी मला विचारलं, "चारच तास ना गं?" मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "मग तो येत का नाही?" आई पाणी आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. मला सगळी वेळापत्रकं तोंडपाठ आहेत, पण याचं उत्तर त्यांत नाही. म्हणून हे पत्र. तू येच, असं मी म्हणत नाही, आणि का येत नाहीस हे मला कळवायचीही गरज नाही. बाबांना लिही. खोटं लिहिलंस तरी ते मानतील. मला वाटत होतं, त्यांना चारचौघांत सांगायला कारण हवंय. काल त्यांचा चेहरा पाहिला आणि कळलं, ते त्यांना स्वतःला हवंय.

तुझीच,
ताई