मिट म्हणजे पाठवणं

१२ नोव्हें.
बारावी बाहेरून देते म्हटलं. हे नुसते हसले. धाकटी जाऊ रेखा मात्र मागेच लागली, तिचं बीए इंग्रजीत झालंय. आज भाकरी थापता थापता शब्द फोडायला शिकवले. पर-मिट. सब-मिट. ॲड-मिट. दर तुकड्याला परातीवर टिचकी. मिट म्हणजे पाठवणं म्हणे, मूळ लॅटिन. मला आपलं डोळे मिटच आठवतं. लई हसलो.

१९ नोव्हें.
विचारलं, मग व्हॉमिट? रेखा म्हणाली, नाही ताई, ते मूळ वेगळं, वरून सारखं दिसतं. सासूबाईंना तेवढा एकच शब्द कळला. "उलट्या कुनाला व्हत्यात? रेखा, तुला का?" चेहरा उजळला होता त्यांचा. रेखा नाही म्हणाली आणि पीठ मळत राहिली. लग्नाला पाच वर्षं झाली तिच्या. अभ्यास तिथंच थांबला.

३ डिसें.
नगरला रेखाची तपासणी. तिच्यात दोष नाही. डॉ. म्हणाल्या, आता नवऱ्याची करा. भाऊजी गेले नाहीत. घरात बोलणी मात्र तिलाच.

११ डिसें.
रेखाला मिरजगावला, माहेरी पाठवलं. चार दिवस म्हणून. पण सासूबाईंनी साऱ्या साड्या भरायला लावल्या. निघताना एवढंच म्हणाली, "ताई, पेपर सोडू नका."

६ जाने.
फोन तिच्या आईनं उचलला. रेखा मळ्यात गेलीय म्हणाल्या. मागून तिचा आवाज येत होता.
डिसमिस, म्हणजे काढून टाकणं, तोसुद्धा त्याच मिटच्या मुळातला निघाला. सांगायचं कुणाला.

२ फेब्रु.
सासूबाई भाऊजींसाठी दुसरं स्थळ बघतायत. जेवताना विषय निघाला. मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, दोष तिचा न्हाई. भाऊजी तपासायला गेलेच न्हाईत." भाऊजी ताटावरून उठले. हे म्हणाले, तू यात पडू नको.

इं.चा पेपर झाला तो दिवस
प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर लिहितेय. पेपर बरा गेला. घरी न जाता परस्पर मिरजगावची एसटी धरली. रेखा वाळलीय. आधी पेपरचंच विचारलं, एकेक प्रश्न. मग मी म्हणाले, चल घरी.
"ताई, तुमी आलात. ते आले असते तर..."
मी सांगितलं, येणार नाहीत ते. दुसरं स्थळ बघतायत, तेही सांगितलं. तिला ठाऊक नव्हतं.
चहाचे कप उचलून ती आत गेली. आईशी हळू बोलतेय, शब्द कळत नाहीत. मी ओट्यावर बसलेय. परतीची एसटी यायला थोडा वेळ आहे.